घर विकायला काढताय? नमुना आठवर विसंबू नका

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या आपल्या गोरेगावात एखादं घर विकायचं ठरलं की पहिलं काम ठरलेलं असतं, रंगारी बोलवायचा. भिंतींना रंग लागतो, दारांना ऑइलपेंट बसतो, पत्र्याची भोकं एमसीलनं बुजवली जातात. कागदपत्रांचं विचारलं की उत्तरही ठरलेलंच. "नमुना आठ आहे ना आमच्या नावावर! अजून काय पाहिजे?" हे वाक्य पारावर ऐकू येतं, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ऐकू येतं आणि पुण्यात स्थायिक झालेल्या शिकल्यासवरल्या मुलांच्या तोंडूनही तितक्याच खात्रीनं ऐकू येतं. ते चूक आहे. या एका समजुतीपायी सौदे मोडतात, भावाभावांत दावे लागतात आणि घेणाऱ्याचे आयुष्यभराचे पैसे अडकतात. म्हणून ते नीट समजून घेऊ.

नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. घराची लांबी-रुंदी किती, बांधकाम दगडमातीचं की सिमेंटचं, त्यावर घरपट्टी किती बसते, हे लिहून ठेवण्यासाठी ती असते. पुढचा नमुना नऊ कर मागणीचा, त्यापुढचा नमुना दहा पावतीचा. म्हणजे ही सगळी साखळी करवसुलीची आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नं ग्रामपंचायतीला कर बसवण्याचा अधिकार दिला. घर कोणाच्या मालकीचं हे ठरवण्याचा अधिकार दिलेला नाही. उताऱ्यावर मालकाच्या रकान्याशेजारी भोगवटा करणाऱ्याचाही रकाना असतो, तो नीट वाचा. ग्रामपंचायतीला पाहायचं असतं ते एवढंच की या घरात राहतं कोण आणि पट्टी कोणाकडून घ्यायची.

पटत नसेल तर गायरानाकडे पाहा. गायरानावर बांधलेल्या घरालाही घरपट्टी लागते, त्याचीही नमुना आठला नोंद होते. म्हणून गायरान त्या माणसाच्या मालकीचं झालं का? जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याच्या योजना करा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. वर्षानुवर्षं ताबा आहे किंवा बांधकामाला मोठा खर्च झाला आहे, एवढ्या कारणावरून अतिक्रमण कायम करता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. असं घर नमुना आठच्या जोरावर विकणारा माणूस सरकारची जमीन विकत असतो.

तलाठ्याकडे मिळणारा आठ-अ पुन्हा वेगळा. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे. गावठाणातल्या घराशी त्याचा संबंध नाही. दोन्हींत आठ आहे म्हणून एक दाखवून दुसऱ्याचं काम भागत नाही.

यावर कोणी म्हणेल, "मग फेर कसा होतो? नाव लागलं म्हणजे झालं की!" सावर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं की महसूल दफ्तरातल्या फेरफारानं मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. जितेंद्र सिंग खटल्यात २०२१ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. फेरफार नोटीस काढून, हरकती ऐकून होतो. त्या नोंदीची ही गत असेल, तर घरपट्टीच्या वहीतल्या नावाला किती वजन द्यायचं?

मग हमखास येणारा शेवटचा मुद्दा, "पण खरेदीखत तर नमुना आठवरच होतं! रजिस्ट्री ऑफिसनं घेतलं ना?" घेतलं, खरं आहे. दुय्यम निबंधक सही करणारा तोच माणूस आहे का, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलं का, साक्षीदार आहेत का, हे पाहतो. विकणाऱ्याच्या मालकीचा निवाडा करणं त्याचं काम नाही. तमिळनाडूनं तसा अधिकार देणारा नियम केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं ७ एप्रिल २०२५ रोजी के. गोपी खटल्यात रद्द केला. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीखतानं पुढे जातो. त्याच्याकडे काहीच नसेल तर नोंदणी झालेल्या कागदानंही काहीच जात नाही.

नमुना आठ फेकून द्या, असं मी म्हणत नाही. घरात कोण, कधीपासून राहतं याचा तो चांगला पुरावा आहे. आपल्याकडे तर त्याची किंमत जास्तच, कारण मराठवाड्यातली गावठाणातली बहुतेक घरं आजोबा-पणजोबांकडून आलेली, खरेदीखत कधी झालेलंच नाही, आणि असलेच तर निजामाच्या काळातले उर्दू नाहीतर मोडीतले कागद, वाचणारं कोणी उरलेलं नाही. ही अडचण सरकारलाही ठाऊक होती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्रानं आधी केला आणि २४ एप्रिल २०२० पासून देशभर स्वामित्व योजना सुरू झाली. नमुना आठच मालकीचा पुरावा असता, तर गावोगाव ड्रोन उडवायची गरजच काय होती?

या योजनेत घरांच्या हद्दी चुन्यानं आखतात, ड्रोननं नकाशा होतो, चौकशी होते आणि मग मिळकत पत्रिका व सनद मिळते. चौकशीत नमुना आठ कामाला येतो, त्याची खरी जागा तिथे आहे. गावात घर आहे पण राहायला पुणे-मुंबई, अशा लोकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. चुना पडला तेव्हा तुम्ही नव्हता, तर तुमची हद्द दुसऱ्या कोणी दाखवलेली असू शकते. सेनगावच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन आपल्या मिळकतीची पत्रिका झाली का, तिच्यावर नाव कोणाचं आहे आणि क्षेत्र किती दाखवलं आहे, हे घर विकायला काढण्याआधी पाहा. गिऱ्हाईक दारात उभं असताना दुरुस्तीचा अर्ज करून उपयोग नाही, त्याला वेळ लागतो.

आता वारसांचं. "बाबा गेले, थोरला मीच, सही माझी." नाही. वडिलांनी स्वतः मिळवलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आजी, सगळ्यांना सारखा हिस्सा मिळतो. बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत शरियतप्रमाणे हिस्से निराळे पडतात, पण मुलीचा हिस्सा तिथेही आहेच. वडिलोपार्जित घर असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. "बहिणीचं लग्न लावून दिलं, तिचा काय हिस्सा राहिला?" हे मोठ्या आवाजात म्हटलं तरी कायदा बदलत नाही. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तिनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं. तोंडी "मला काही नको दादा" किंवा साध्या कागदावरचा अंगठा चालत नाही.

बाँडवर लिहून घेतलं म्हणजे घर विकलं गेलं, हाही तितकाच घातक समज. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही. इसारपावतीनं घरात हक्क तयार होत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीनंही मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं.

इसार रोखीत घ्यायचा असतो, असंही धरून चालतात. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला होतो.

आता त्या रंगाऱ्याकडे येऊ. भेग बुजवून रंग मारला की प्रश्न मिटला, असं समजणाऱ्यांनी आपल्या पायाखालची जमीन आठवावी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंत दरवर्षी त्याच जागी तडकणार. त्यात २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैला आपल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. त्यानंतर पडलेली भेग आणि मातीनं पडलेली भेग यांतला फरक जाणकार अभियंत्यालाच विचारावा, गिलाव्यानं तो झाकू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्याच कलम ५५ प्रमाणे घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा आणि तुम्हाला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तो लपवणं कायदा फसवणूक मानतो. "त्यानं बघूनच घेतलं होतं" ही सबब तिथे चालत नाही. घराचे दोष तसेच मालकीचे दोष, दोन्ही त्यात आले.

छोटे समज आणखी आहेत. माळवद जितकं जाड तितकं घर पक्कं, असं म्हणतात, पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदच माणसांच्या अंगावर आले. ओल आलेल्या भिंतीवर महागडा रंग लावला की लोणा थांबतो म्हणतात, तो थांबत नाही, आधी पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं. थकलेली घरपट्टी घेणारा भरेल, हेही खरं नाही. वेगळं ठरलेलं नसेल तर विक्रीच्या दिवसापर्यंतचे कर विकणाऱ्यानं भरायचे असतात. आणि मोबाइलवर गोरेगावच्या घरविक्रीचे जे सल्ले दिसतात ते मुंबईच्या गोरेगावचे असतात. सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र आणि सोफ्याची मांडणी आपल्याकडे लागत नाही, इथे चतुःसीमा आणि शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत कोणाची हे आधी लागतं.

दिवाळीला गावी येणार असाल आणि घर विकायचं मनात असेल, तर बहिणींनाही बोलावून घ्या. हिस्सा घ्यायचा की स्वखुशीनं सोडायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. सणाच्या सुट्टीत सरकारी कार्यालयं बंद असतात, म्हणून कामाचे दोन-चार दिवस हाताशी ठेवूनच या. जुनं खरेदीखत असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याची सूची दोन, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा, शोधा. मिळकत पत्रिका, वारसांचा निर्णय आणि असेल ते खरेदीखत, हे सगळं हातात आल्याशिवाय कोणाकडूनही इसार घेऊ नका.