थोडे बगॅस जिवाणूंनाही द्या

1950 साली लोणीत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसासोबत बगॅसचे ढीगही नगर जिल्ह्याच्या ओळखीचे झाले. टनभर ऊस गाळला की पाव टनाहून जास्त ओले बगॅस उरते. त्यातले बहुतेक बॉयलरमध्ये जाते, त्यावर वाफ आणि वीज होते. ते योग्यच आहे. शेतातल्या पाचटाला मात्र अजून पुष्कळ ठिकाणी काडीच लावली जाते. या दोन्हींतला थोडा वाटा जिवाणूंपुढे टाकायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

बगॅसमध्ये साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज असते आणि त्यातला मुख्य घटक झायलान. त्याच्या लांबलचक साखळ्या जिवाणूच्या पेशीत शिरत नाहीत. म्हणून बॅसिलस कुळातले अनेक जिवाणू झायलानेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीबाहेर सोडतात, साखळी तोडतात आणि सुटलेली साखर आत घेतात. आयती साखर मिळाली, तर विकराचे उत्पादन मंदावते. म्हणजे बगॅस हा नुसता स्वस्त खुराक नव्हे. जिवाणूला कामाला लावतो तोच. शिवाय विकर बाहेरच असल्याने पाण्यात उतरवून गाळता येते.

कामाचा जिवाणू निवडायची रीत पाहण्यासारखी आहे. ढिगाखालची माती पाण्यात कालवून, ते पाणी पातळ करून झायलान घातलेल्या आगरच्या बशीवर पसरतात. वसाहती वाढल्या की वर काँगो रेड रंग ओततात आणि मिठाच्या पाण्याने धुतात. बशी लाल राहते. झायलान पचले तिथे वसाहतीभोवती फिकट पिवळे कडे उमटते. रुंद कड्याची वसाहत पुढच्या चाचणीला घ्यायची.

झायलानेज वापरले की कागदाचा लगदा पांढरा करायला क्लोरीन कमी लागते. बॅसिलसचेच अमायलेज हे दुसरे विकर कापडावरची खळ काढते. त्याच्या उत्पादनाचे पेटंट बुआदाँ आणि एफ्राँ यांनी 1917 मध्येच घेतले होते.

अडते ते मोठ्या प्रमाणावर. जिवाणू वाढवायला पसरलेल्या बगॅसच्या जाड थरात आतली उष्णता कोंडते, ओल सगळीकडे सारखी राहत नाही, त्यामुळे प्रत्येक घाण्यातल्या विकराची ताकद वेगळी भरते. गिऱ्हाईक मात्र दरवेळी तीच ताकद मागते. हे बशीत सुटणारे कोडे नाही, त्याला प्रायोगिक प्रकल्पच लागतो. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, शेजारच्या सिन्नरमध्ये विकरे बनवणारा उद्योग आहे. सहकारी कारखान्यांनी पुढच्या गळीत हंगामात या कामासाठी एक शेड आणि थोडी वाफ द्यावी.