मृगातला न दिसणारा हायड्रोजन (एपिसोडची लिखित प्रत)

मिरजेच्या एका श्रोत्याने विचारलंय, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या फोटोत गुलाबी हायड्रोजन चक्क दिसतो, मग रेडिओ दुर्बीण कशाला?

प्रश्न भारी आहे. तो गुलाबी रंग फुटलेल्या हायड्रोजनचा. तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवतात. तो परत प्रोटॉनला चिकटून पायऱ्या उतरताना लाल प्रकाश देतो. आजूबाजूचा अखंड, थंड अणू मात्र फोटोत येतच नाही.

तो रेडिओत बोलतो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघांनाही स्पिन असतो. दोघांची दिशा एकच असेल, तर कधीतरी इलेक्ट्रॉन उलटतो आणि २१ सेंटीमीटरची लहर निघते. ए-फोर कागदाच्या रुंदीएवढी! फ्रिक्वेन्सी १४२० मेगाहर्ट्झ. एकट्या अणूला यासाठी सरासरी १ कोटी १० लाख वर्षं लागतात, पण अणूच इतके की सिग्नल मिळतो. १९५१ मध्ये हार्वर्डला युवेन आणि पर्सेल यांनी तो पहिल्यांदा पकडला. धुळीतूनही तो आरपार येतो.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. तेजोमेघ स्वतः रेडिओतही झगमगतो. त्याच्यापुढे थंड वायू असेल तर तो नेमके १४२० च्या आसपासचे किरण गिळतो, आणि आलेखात खड्डा पडतो. साताऱ्याजवळ हायवेला उभं राहून ट्रकचा हॉर्न ऐका: येताना चढा, जाताना उतरता. तसाच हा खड्डा सरकतो, आणि वायू आपल्याकडे येतोय की लांब चाललाय ते कळतं. म्हणजे तारे वायूला उधळतायत का, याचा थेट पुरावा. प्रत्यक्ष तारे घडतात ते मात्र रेणूरूप हायड्रोजनच्या ढगात, आणि तो ही लहर देत नाही. अणूंचा थर त्या ढगाचं बाहेरचं आवरण.

हे ऐकणारा कान आपल्याकडेच आहे: नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. ४५ मीटरच्या ३० तबकड्या, साधारण २५ किलोमीटरवर पसरलेल्या. एकटी तबकडी अर्ध्या चंद्राएवढा भाग एकच ठिपका म्हणून बघते. सगळ्यांचे सिग्नल जोडीजोडीने जुळवले (४३५ जोड्या! कोडवाल्यांना मजा कळेल) की तपशील दोनेक आर्कसेकंदांपर्यंत जातो.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. सांगलीहून जाणार असाल तर पहाटेच निघा, आणि तिथे पोचल्यावर फोन बंद. तुमचा मोबाईल त्या तबकड्यांना कुठल्याही तेजोमेघापेक्षा कितीतरी मोठ्याने ऐकू येतो.