वऱ्हाडातला नाटककार वकील: श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) यांनी मराठी संगीत नाटकाला पुराणांच्या आणि संस्कृत नाटकांच्या कथानकांतून बाहेर काढले. व्यवसायाने ते वकील होते. बी. ए., एल्एल्. बी. झाल्यानंतर अकोला आणि आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव व जळगाव जामोद या गावांत त्यांनी वकिली केली. नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड पुण्या-मुंबईकडे, आणि नाटककार मात्र वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात. मराठी रंगभूमीच्या इतिहासात असे उदाहरण क्वचितच सापडते.

त्या काळचे खामगाव म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. भुसावळ–नागपूर मार्गावरच्या जलंब स्थानकातून तेथपर्यंत आगगाडीचा फाटा गेला तो मुख्यतः कापसासाठी. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोदला तर रेल्वेही नव्हती. जमिनीचे, कर्जाचे, वाटणीचे दावे आणि त्यांच्यामागे धावणारे पक्षकार व साक्षीदार हेच तेथल्या वकिलाचे रोजचे जग. कोल्हटकरांनी या जगाचा तिटकारा केला नाही, उलट त्यातूनच लेखनासाठी बरेच काही उचलले. 1902 साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचा पहिला विनोदी लेख आला, त्याचे नावच ‘साक्षीदार’ असे होते.

नाटकाचे वेड मात्र त्याच्या कितीतरी आधीचे. विद्यार्थिदशेतच त्यांनी नाट्यसमीक्षा लिहिली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना शेक्सपिअर आणि मोलिअर यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळी ऐन भरात होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या नाटकांनी प्रेक्षकांना वेड लावले होते. कथा ओळखीची आणि पदांच्या चाली साकी-दिंडीच्या वळणाच्या किंवा कर्नाटकी ढंगाच्या, हा साचा पक्का झाला होता. 1896 साली याच मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’ने तो मोडला. याचे कथानक कोणत्याही पुराणातून किंवा संस्कृत नाटकातून घेतलेले नव्हते, ते लेखकाच्या कल्पनेतून उभे राहिले होते. पदांना पारशी रंगभूमीवरच्या उडत्या, ठेक्याच्या चाली दिलेल्या होत्या. संवादांत चमकदार कोट्यांची पेरणी होती. जुन्या जाणकारांपैकी अनेकांना हे संगीत थिल्लर वाटले. प्रेक्षकांना मात्र पुढे काय होणार हे ठाऊक नसलेले नाटक पाहण्याची नवी गंमत कळली.

यानंतर ‘मूकनायक’ (1901), ‘गुप्तमंजूष’ (1903), ‘मतिविकार’ (1907), ‘प्रेमशोधन’ (1911) अशी नाटके येत गेली. एकूण डझनभर नाटके त्यांच्या नावावर आहेत. ‘मूकनायक’मध्ये मद्यपानाचा प्रश्न आहे, ‘मतिविकार’मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाचा. समाजसुधारणेचा कैवार घेणाऱ्या या माणसाने व्यासपीठावरून उपदेश केला नाही. प्रेमकथेच्या, वेषांतराच्या आणि रहस्याच्या गुंत्यात त्याने सुधारणेचे धागे ओवले.

नटांनाही या नाटकांनी नवे काही दिले. दुष्यंत किंवा कृष्ण रंगवणाऱ्या नटाला प्रेक्षकाच्या मनातली तयार मूर्ती मदतीला येते. कल्पित नायकाला असा आधार नसतो, त्याचा स्वभाव बोलण्याच्या लकबीतून आणि वागण्यातून नटालाच उभा करावा लागतो. कोल्हटकरांचे संवाद म्हणणे सोपे नव्हते. एका वाक्यात दोन अर्थ दडलेले असत. शब्द नीट फेकला नाही किंवा विराम चुकला, तर हशा हातचा जाई. स्पष्ट उच्चार आणि हजरजबाबी फेक यांची तालीम किर्लोस्कर मंडळीतल्या नटांना या संवादांनी घडवली. 1905 साली मंडळीत आलेल्या नारायण राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, ‘गुप्तमंजूष’मधील नंदिनी आणि ‘मूकनायक’मधील सरोजिनी या भूमिका केल्या. पुढे मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने कोल्हटकरांचे ‘जन्मरहस्य’ रंगभूमीवर आणले.

रंगभूमीइतकेच, कदाचित अधिकच, टिकाऊ काम त्यांनी विनोदात केले. ‘साक्षीदार’पासून सुरू झालेले लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने 1910 साली संग्रहित झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट जुन्या चालीरीतींचा कैवार घेते, आणि त्या कैवारातूनच रूढींचा पोकळपणा उघडा पडतो. पुराणातल्या सुदाम्याने मित्रासाठी मूठभर पोहे नेले, येथला सुदामा मराठी वाचकापुढे हास्याचे पोहे ठेवतो. त्याआधी मराठीत विनोद नव्हता असे नाही, पण निबंधाच्या आकाराचा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा आणि समाजाला आरसा दाखवणारा विनोद प्रथम येथे दिसतो. राम गणेश गडकऱ्यांनी त्यांना गुरू मानले आणि ‘बाळकराम’ या टोपणनावाने त्याच वाटेवर पाऊल टाकले. गडकऱ्यांच्या नाटकांतली कोटिबाज भाषाही कोल्हटकरांच्याच घराण्याची आहे, फक्त तिला गडकऱ्यांनी करुणेची जोड दिली. वि. स. खांडेकरांनाही कोल्हटकरांनी लेखनाची दिशा दाखवली. चिं. वि. जोशी आणि आचार्य अत्रे यांच्यापर्यंत येणाऱ्या विनोदाच्या परंपरेचा उगम शोधताना वाचक वऱ्हाडातल्या या वकिलापाशीच येऊन थांबतो.

मग त्यांची नाटके आज का होत नाहीत? कारण त्यांच्या गुणांतच आहे. कोटीचा मोह त्यांना आवरत नसे, त्यामुळे राजपुत्र, दासी, विदूषक आणि म्हातारा बाप सारेच एकाच तऱ्हेच्या चातुर्याने बोलतात. पात्रांपेक्षा लेखकाचाच आवाज मोठा होतो. कथानकात गुंतागुंत इतकी की प्रेक्षकाची बुद्धी गुंतते, मन मात्र बाहेरच राहते. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’त भाषा साधी आहे आणि दुःख खरे आहे, म्हणून ते नाटक शंभर वर्षांनंतरही डोळे ओलावते. कोल्हटकरांच्या नाटकांना ही शक्ती लाभली नाही. तरीही रंगभूमीला नवी वाट दाखवण्याचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

कोल्हटकरांची जिज्ञासा साहित्यापुरती नव्हती. गणित आणि ज्योतिष यांत त्यांना चांगली गती होती, 1913 साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ निघाला. उतारवयात त्यांनी कादंबरीही लिहिली. सुंदर आणि संपन्न देशांच्या तुलनेत आपल्या महाराष्ट्रावरचे प्रेम सांगणारे त्यांचे महाराष्ट्रगीत तर आजही शाळा-शाळांत गायले जाते. 1927 साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत नाटकाचे दिवस पालटत होते. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दीनानाथांनी बोलपट काढला, 1935 साली बालगंधर्वही प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ होऊन पडद्यावर आले. तो दिवस पाहायला कोल्हटकर उरले नव्हते. 1 जून 1934 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘आत्मवृत्त’ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

खामगाव आणि जळगाव जामोद येथल्या शाळांत महाराष्ट्रगीत शिकवताना मुलांना कवीचे नाव सांगावेच, पण हे गीत लिहिणारा माणूस आपल्याच गावच्या कचेरीत वकील म्हणून उभा राहत असे, हेही आवर्जून सांगावे.