शेल स्क्रिप्टलेखनाचा प्रारंभिक अभ्यास : डिलाईल रोडच्या चाळींचे उदाहरण

प्रस्तावना : संगणकास वेळोवेळी द्यावयाच्या आज्ञा एका फाईलमध्ये क्रमाने लिहून ठेवणे म्हणजे शेल स्क्रिप्ट होय. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे शेल समाविष्ट झाले. त्याच परंपरेतील 'बॅश' ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात बॅशचे पाठ असून मानव्यविद्येच्या अध्यापकासही ते झेपण्यासारखे आहेत.

विवेचन : डिलाईल रोड, म्हणजेच ना. म. जोशी मार्ग, येथील बीडीडी वसाहतीत मूळ ३२ चाळी व प्रत्येकीत ८० खोल्या होत्या. इतिहास विभागास खोलीनिहाय मुलाखती जतन करावयाच्या असल्यास २,५६० फोल्डर लागतील. हाताने हे काम कित्येक दिवसांचे. शेलमध्ये मात्र एका लूपच्या पोटात दुसरा लूप, एवढ्या मोजक्या ओळींत ते उरकते. फोल्डरची नावे देवनागरीत चालतात. चलाचे नाव मात्र रोमन लिपीतच द्यावे लागते आणि शेलच्या अंकगणितास देवनागरी अंक कळत नाहीत.

नवशिक्याची खरी फसगत मोकळ्या जागेपाशी होते. चाचणीसाठी केलेले 'चाळ ७' हे फोल्डर काढून टाकावयाचे आहे व ते नाव एका चलात साठविले आहे, असे समजू. चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे नसतील तर बॅश त्या नावाचे 'चाळ' आणि '७' असे दोन शब्द करते. 'चाळ' सापडत नाही, म्हणून त्रुटीसंदेश येतो. पण शेजारी मुलाखतींचे '७' नावाचे फोल्डर असल्यास तेच नष्ट होते. 'आरएम' ही आज्ञा सहसा संमती विचारत नाही आणि काढलेले कचरापेटीतही जात नाही. पुनर्विकासात जुन्या चाळी पाडल्या जात असताना त्या खोलीतील मुलाखत पुन्हा घेणे कोठून शक्य होणार?

अशा वेळी आज्ञेपूर्वी 'एको' लावून पाहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो येथे फसवा ठरतो. अवतरणचिन्हे असोत वा नसोत, पडद्यावर 'चाळ ७' असेच उमटते. त्याऐवजी सराव फोल्डरांच्या प्रतीवर करावा व 'सेट' आज्ञेचा 'एक्स' पर्याय चालू ठेवावा. मग बॅश प्रत्येक आज्ञा प्रत्यक्षात कशी समजली ते दाखविते : नाव अखंड असल्यास ते अवतरणात दिसते, तुटले असल्यास उघडे.