सीमेपलीकडची जुनी गाडी

जळगाव जामोद, संग्रामपूर भागातील व्यापारी कुटुंबांना बऱ्हाणपूर परके नाही. तेथे सोयरीक असते, उधारी असते, आणि कधी जुनी मोटारही स्वस्तात मिळते. मात्र ‘एमपी ६८’ क्रमांकाची गाडी सीमा ओलांडून आली, की तिची खरी किंमत ठरायची बाकीच असते.

प्रथम बोजा पाहावा. नोंदणीपुस्तकात बँकेचे नाव असल्यास ‘कर्ज कधीच फिटले’ हा तोंडी दिलासा निरुपयोगी. बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हवाच. मूळ परिवहन कार्यालयाच्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना २८, हस्तांतरासाठी २९ व ३०, तर नव्या ‘एमएच २८’ क्रमांकासाठी २७. महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तिकडच्या शिल्लक कराचा परतावा तिकडेच मागावा लागतो. सौद्यातच हे धरावे.

क्रमांक बदलण्यास बारा महिन्यांची सवलत आहे, असे अनेक जण सांगतात. ती सवलत क्रमांकाची. मालकी बदलल्याची सूचना खरेदीदाराने तीस दिवसांतच द्यायची असते.

विकणाराही सुटत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यातील मोटार अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली. अपघातात एक बालक दगावले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी त्याने २००७ सालीच विकली होती.