आवाजाची वहिवाट

दिवाळीच्या अमावास्येस, जिला गोरमाटी बोलीत 'काळी मावस' म्हणतात, पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांतील कुमारिका हातांत दिवे घेऊन दारोदार जातात आणि घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचे नाते उच्चारून गाण्यातून 'मेरा' म्हणतात. आणि सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, त्या मुली आमच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या असता, नागपूर केंद्रावरून चाललेल्या एका थोर गायिकेच्या गायनात व्यत्यय येतो म्हणून मी त्यांना हातानेच 'थांबा' अशी खूण केली आणि रेडिओचा आवाज वाढविला. मुली थोडा वेळ ताटकळल्या आणि पुढच्या दाराकडे गेल्या. माझ्या पत्नीने त्या रात्री एक शब्दही काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी चहाचा कप समोर ठेवताना ती एवढेच म्हणाली, "अहो, तुमचं गाणं यंत्रातून येत होतं, ते थांबलं नसतं. माझं दारात उभं होतं."

नवरा-बायकोच्या अभिरुचीच्या भांडणावर लिहावयास बसलो असता प्रथम हेच वाक्य आठवते, कारण या भांडणाचे जे स्वरूप मला पुढे दीर्घकाळ कळत गेले ते सारे त्यात साठविलेले होते. जमिनीच्या दफ्तरात मालकी आणि वहिवाट ही दोन निराळी प्रकरणे असतात. सातबारा एकाच्या नावावर असतो आणि नांगर दुसऱ्याचा चालत असतो. घरातील आवाजाचेही तसेच असते. घर दोघांचे आहे, हे सर्वजण मान्य करतात. परंतु त्या घराच्या चार भिंतींत सायंकाळच्या वेळी कोणाचे गाणे चालावे, याची वहिवाट बहुधा एकाचीच पडलेली असते, आणि दुसऱ्याने ती मोडू पाहिली की 'तुला गाण्यातले काय कळते' हा फैसला तोंडावर फेकला जातो.

माझे बालपण कारंज्यात गेले. नृसिंह सरस्वतींचे ते जन्मस्थान. गुरुमंदिरातील आरती आणि पदे, वडिलांच्या तोंडची नाट्यपदे, आणि तहसील कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन त्यांनी लावलेला रेडिओ, एवढ्यावर माझ्या कानाचे पोषण झाले होते. पत्नी पोहरादेवीजवळच्या एका तांड्यातली. बंजारा समाजाची काशी म्हणून ज्या गावास लोक ओळखतात, जेथे सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर आहे, जेथे रामनवमीच्या यात्रेस अनेक प्रांतांतून भाविक लोटतात, त्या मानोरा तालुक्यातील गावाच्या छायेत ती वाढली. एकाच शाळेत आम्ही शिक्षक होतो. वसंतराव नाईकांनी १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी केलेला आंतरजातीय विवाह आमच्या भागातील घराघरांत ठाऊक होता. नाईक पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले, म्हणून त्या विवाहाला उत्तरकाळी प्रतिष्ठा आली हे खरे, परंतु आमच्यासारख्यांनी घरी तोंड उघडण्याचे जे धैर्य केले त्यात त्या उदाहरणाचा वाटा होता.

विवाहसमयी मला वाटत होते की मी संगीत घेऊन येत आहे आणि ती रीतिरिवाज घेऊन येत आहे. ही समजूत किती चुकीची होती, हे ढावलो ऐकल्यावर ध्यानी यावयास हवे होते, आले नाही. ढावलो म्हणजे गोर, अर्थात बंजारा, वधूने माहेरच्या एकेका माणसाच्या गळ्यात पडून गावयाचे विलापगीत. बाहेरच्याला ते केवळ रडणे वाटते. प्रत्यक्षात तांड्यातील जाणत्या बाया वधूला ते लग्नापूर्वी शिकवितात. श्वास कोठे तोडावा, हुंदका कोणत्या स्वरावर घ्यावा, आईसाठी काय आणि भावासाठी काय, याला बंदोबस्त असतो. निरोपाच्या क्षणी बैलाच्या पाठीवर उभे राहून गावयाच्या गीताला 'हवेली' म्हणतात. म्हणजे गोर समाजातील वधू सासरी येते ती शिकविलेला गळा घेऊन, एका अर्थी तालीम पुरी करून. आणि सासरच्या घरी त्या तालमीचा पुढे उपयोग काय, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही.

हा अन्याय एकट्या गोर स्त्रीचा नव्हे. जात्यावर बसून दळणाऱ्या मराठी बाईने शतकानुशतके ओव्या रचल्या. ग्वी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून त्या एकत्र करावयास घेतल्या तेव्हा संख्या लाखावर गेली. पहाटेच्या अंधारात त्याच घरात झोपलेल्या पुरुषांनी त्या रोज ऐकल्या असणार. पण त्या घराला गाण्याची परंपरा आहे असे कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही. घरात बुवांची बैठक झाली तर मात्र तसे म्हणत. जे काम करता करता गाइले जाते ते गाणे नव्हे, आणि जे काम बाजूला ठेवून ऐकले जाते तेच गाणे, ही विभागणी आपल्या घरांनी मुकाट्याने मान्य केलेली आहे, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हे उघड आहे.

सरकारनेही एकदा असाच संसार करून पाहिला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून हद्दपार झाली. पेटीवर तर १९४० पासूनच बंदी होती. केसकरांचा हेतू क्षुद्र नव्हता. अभिजात संगीताचा दरबारी आश्रय संपलेला असताना त्याला राष्ट्राचा आश्रय मिळावा ही त्यांची तळमळ सच्ची होती, आणि माझ्या वडिलांना रेडिओवर जे थोर गायक ऐकावयास मिळाले त्यांत त्या धोरणाचा उपकार आहे. परंतु श्रोत्यांनी सुई सिलोनकडे फिरविली, बुधवारच्या रात्री अमीन सयानींची गीतमाला गाजू लागली, आणि १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. आमच्या घरी वडील सभेला किंवा कचेरीत असले म्हणजे आई सिलोन लावीत असे आणि त्यांची चाहूल लागताच काटा पूर्ववत करीत असे. ती काय ऐकत असे हे वडिलांना शेवटपर्यंत कळले नाही. मला वाटते, आईच्या अभिरुचीविषयी मी आयुष्यात बाळगलेली सर्वांत मोठी खंत हीच, की मीही तिला कधी विचारले नाही.

ज्यांचे जीवनच संगीत अशा मराठी दांपत्यांची घरे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. केशवराव भोळे हे 'एकलव्य' या नावाने गायकांची परखड समीक्षा करणारे. १९३२ साली त्यांचा विवाह गोव्याच्या दुर्गा केळेकर यांच्याशी झाला, आणि पुढच्याच वर्षी 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात त्यांच्याच चालींवर ज्योत्स्ना भोळे या नावाने ती गायिका महाराष्ट्रापुढे आली. ज्याच्या लेखणीला मोठमोठे बुवा बिचकत त्याच्यासमोर रोज रियाज करावयाचा, ही परीक्षा सामान्य नव्हे. आणि तरीही ज्योत्स्नाबाईंचा आवाज नवऱ्याच्या मतांखाली दबला नाही, याचे श्रेय मी दोघांनाही देतो. सुधीर फडके व ललिताबाई यांचा विवाह १९४९ चा. दोघेही गाणारी, आणि १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणात ललिताबाईंचाही स्वर आहे. पु. ल. देशपांडे यांच्या घरी पेटी होती आणि सुनीताबाईंच्या ठायी कविता. सुनीताबाईंनी 'आहे मनोहर तरी' या १९९० च्या पुस्तकात सहजीवनातील खटक्यांविषयी ज्या निर्भयतेने लिहिले त्या निर्भयतेने आपल्याकडे फारसे कोणी लिहिलेले नाही, आणि त्याच दोघांनी शेजारी बसून बोरकरांच्या कविता श्रोत्यांना वाचून दाखविल्या. ज्या ठिकाणी कोणाचीच आधीची वहिवाट नव्हती अशी जागा त्यांनी शोधून काढली, असे मला त्या वाचनांविषयी वाटते.

परंतु मला सर्वांत अधिक शिकविले ते देवासच्या घराने. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने ग्रासले जाऊन १९४८ साली कोरड्या हवेसाठी माळव्यात गेले. गाणे वर्ज्य, फुप्फुस निकामी, वय अवघे चोवीस. पत्नी भानुमतीबाईंनी नोकरी करून संसार चालविला आणि शुश्रूषा केली. त्या सक्तीच्या मौनात, ज्या कानांवर देवधर मास्तरांच्या विद्यालयातील संस्कार झालेले होते, त्याच कानांवर माळव्याची लोकगीते पडू लागली. ज्याला स्वतः गाण्याची मनाई आहे त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तसे ऐकल्यावर त्यांना दिसले की राग लोकधुनांतूनच उगवतात. बरे होऊन पुन्हा गाऊ लागल्यावर त्यांनी 'धुनउगम' राग बांधले, माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रम केला, आणि १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये त्यांच्या बंदिशी ग्रंथरूप झाल्या. माझ्यापाशी असले सामर्थ्य नाही. पण जे गाणे मी 'रीत' म्हणून बाजूस सारीत होतो त्याच जातीच्या गाण्यापुढे एवढा मोठा गायक विद्यार्थी होऊन बसला होता, हे वाचल्यावर मला माझ्या पहिल्या दिवाळीची लाज नव्याने वाटली.

त्यानंतर केव्हातरी, रात्रीच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण संपत आले असता पत्नी भांडी आवरीत आली आणि दारातच थबकली. भैरवी चालली होती. "हे जाण्याचं गाणं आहे ना?" तिने विचारले. मैफलीचा शेवट भैरवीने होतो हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. मी विचारले, कशावरून? तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ढावलोतील एक तुकडा हलक्या आवाजात गाऊन दाखविला आणि म्हणाली, "माणूस उठायला लागलं की आवाज असाच खाली बसतो." दोहोंचे स्वर एकच होते असा दावा मी करणार नाही, तेवढे माझे ज्ञान नाही. पण वीस वर्षे एका छपराखाली राहून त्या रात्री प्रथम मी तिला 'पुन्हा म्हण' असे म्हणालो.

यावर कोणी म्हणेल की मग भांडण मिटले. मिटले नाही, आणि मिटावे असेही मला आता वाटत नाही. तिला विलंबित ख्याल आजही लांबण वाटतो, आणि मला भजनी मंडळातील कर्ण्याचा कर्कशपणा सोसत नाही. भांडणाला जागा देण्याची विद्या मात्र मी तिच्या तांड्यात पाहिली. फाल्गुनात होळीच्या दिवसांत तेथे लेंगी गातात. पुरुषांचा जथा एका बाजूस, बायांचा दुसऱ्या बाजूस, डफ घुमतो आणि एका पक्षाने टाकलेल्या गाण्याला दुसरा पक्ष गाण्यानेच उत्तर देतो. वर्षभर जे बोलता येत नाही ते त्या दिवसांत बोलून घेतात. मर्यादा असतात, पण त्या दोन्ही पक्षांना सारख्याच. आणि हे आपल्याला परके वाटावे असेही नाही. मराठी शाहिरीतील कलगी-तुऱ्याचा मूळ वाद कोणता? शक्ती श्रेष्ठ की शिव, प्रकृती थोर की पुरुष. कलगीवाल्यांनी एकीचा कैवार घ्यावा, तुरेवाल्यांनी दुसऱ्याचा, आणि रात्रभर सवाल-जवाब झडावेत. आमच्या विदर्भात हे फड मी लहानपणी पाहिले आहेत. नवरा-बायकोचे सनातन भांडण आपल्या पूर्वजांनी फडावर आणून उभे केले, त्याला डफ-तुणतुणे दिले, आणि एका अटीवर ते चालविले: समोरचा हा पक्ष आहे, त्याचीही पाळी येणार आहे. घरांत जो कडवटपणा येतो तो आवडी भिन्न असल्याने येत नाही. एकाला पक्ष म्हणून उभेच राहू दिले जात नाही, तेव्हा येतो.

कॅसेटी आल्या तेव्हा दिग्रसच्या बाजारात गोरमाटी भजनांच्या कॅसेटी मिळू लागल्या आणि आमच्या घरी एकाच टेपरेकॉर्डरवरून खरोखरीच्या पाळ्या लागल्या; शनिवारची संध्याकाळ तिची, रविवारची माझी. मोबाइलने पाळ्यांची गरजच उरविली नाही. मुलगा आणि सून एकाच पलंगावर कानांत निरनिराळी बोंडे घालून बसतात. सुखी आहेत, मला तक्रार करण्याचा अधिकार नाही. फक्त एकदा सुनेला विचारले की तो काय ऐकतो, आणि तिला सांगता आले नाही.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ती चार मजली वास्तू नंगाऱ्याच्या आकाराची आहे. ज्या वाद्याच्या घोषावर तांडा गोळा होई, ते वाद्य आता दुरूनही दिसते, आणि पत्नीने ते प्रथम पाहिले तेव्हा तिचे डोळे भरून आले; मग ती म्हणाली, "आत थाळी वाजवणारी बाई पण हवी." नंगाऱ्यासोबत थाळीचा ठेका असतो, हे मला तिने शिकविलेले. गेली काही वर्षे घरच्या भोगाच्या वेळी थाळी माझ्या हातात असते. माझा हात अजून मागे पडतो, आणि ती भजन न थांबविता नुसत्या मानेने मला पुढे ओढते.

गेल्या काळ्या मावसेला तांड्यातील मुली नेहमीपेक्षा थोड्या आल्या. चारच दिवे होते. रेडिओ मी दिवेलागणीपूर्वीच बंद करून ठेवला होता. सर्वांत धाकटीला नात्यांचा क्रम आठवेना आणि ती मोबाइलमध्ये शोधू लागली, तेव्हा पत्नी गुडघ्यावर हात ठेवून उठली, उंबरा ओलांडून त्या मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि घराकडे तोंड करून गाऊ लागली. घरात वडीलधारा असा मी एकटाच होतो. तिने माझे नाते उच्चारले, आणि मी दारात उभा राहून ते पुरते ऐकले.