मोगऱ्याआधी तेल

बाटलीचं बूच काढलं आणि मोगऱ्याच्या आधी दिवाळीनंतर महिनाभर विसरलेल्या चकलीच्या डब्याचा वास आला. वैशाखात हौसेनं केलेलं मोगऱ्याचं तेल श्रावण लागायच्या आत खवट झालं होतं. केलं होतं आईसाठी. ऐंशी ओलांडल्यापासून तिच्या पायांची कातडी बारा महिने कोरडी, खपल्या धरणारी. दुकानातली मलमं तिला नकोत, मोगरा मात्र जीव की प्राण. "टाकू नकोस, बिजागऱ्यांना घाल," आई म्हणाली. घातलं. काही आठवड्यांनी बिजागऱ्याच चिकटून बसल्या!

या चिकटण्यातच खरी मेख होती. तेल साधं सूर्यफुलाचं, फोडणीचं. त्यात लिनोलेइक आम्ल मोठ्या प्रमाणात, नेहमीच्या वाणांत निम्म्याहून अधिक असतं. हवेतला प्राणवायू या आम्लावर तुटून पडतो. भरल्या बाटलीत तेल खवट होतं, पातळ थरात ते गोंदासारखं होऊ लागतं. चित्रकारांच्या रंगांतही हे तेल वापरतात ते याच गुणामुळे. आणि गंमत अशी, की आपल्या त्वचेच्या वरच्या थराला ओलावा धरून ठेवण्यासाठी जे स्निग्ध पदार्थ लागतात, त्यांच्या घडणीला हेच लिनोलेइक आम्ल हवं असतं. म्हणजे आईच्या पायांना जे हवं होतं, नेमकं तेच हवेनं आधी गाठलं.

मुळात सूर्यफूल निवडलं ते त्याच्या 'नसलेल्या' वासासाठी. सुगंधाला अंगावर बसवून नेणारं ते वाहक तेल. तिळाला स्वतःचा वास आहे, खोबरेल थंडीत थिजतं, मोहरीचं झोंबतं. शुद्ध केलेलं सूर्यफूल तेल मात्र गप्प बसतं आणि फुलाला बोलू देतं. कनौजचे अत्तरवाले भपक्यातली वाफ चंदनाच्या तेलात उतरवत आले. फुलेल करणारे तर तिळावर फुलांचे थर द्यायचे आणि तीळ वासानं भरले की घाण्यात घालायचे. सूर्यफूल या घराण्यातलं नव्हे. तेलबियांचं पीक म्हणून ते आपल्याकडे रुजलं १९६९ नंतर, सोव्हिएत रशियातून आणलेल्या वाणांवर. मराठवाड्यात तर पुढे त्याची पिवळी शेतं ओळखीची झाली. तेल अंगावरून उडून जात नाही, त्यामुळे अल्कोहोलातल्या अत्तरासारखा त्याचा वास खोलीभर पसरत नाही. जवळ बसणाऱ्यालाच येतो, पण रेंगाळतो. आईला तेवढाच हवा होता.

माझ्या चुका आता सांगायला हरकत नाही. फुलं धुतलेली, ओलसर. बाटली पांढऱ्या काचेची. आणि "उन्हात मुरू द्या" हा कुणाचा तरी सल्ला मी अक्षरशः पाळला. पाणी, उजेड, उष्णता : तेल बिघडवायला आणखी काय हवं? वर ई जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सुल फोडून घातल्या आणि निर्धास्त झाले. नंतर कळलं, कॅप्सुलांत ते बहुधा ॲसिटेटच्या रूपात असतं. शरीरात त्याचा उपयोग होतो, बाटलीतल्या तेलाला ते वाचवत नाही. त्यासाठी सुटं टोकोफेरॉल लागतं.

दुसऱ्या खेपेला नुकतीच उघडलेली तेलाची बाटली घेतली. न धुतलेल्या मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी कापडावर तासभर पसरल्या. मोगरा तोडल्यावरही वास सोडत राहतो, म्हणून तो या पद्धतीला साजतो. गुलाबाचं तसं नाही. दर चोवीस तासांनी जुनी फुलं गाळून नवी घातली, असं पाच वेळा. वास मंदच आला. अत्तराचे थेंब ओतायचा मोह झाला, तो आवरला. सुगंधी अर्क घालायचाच तर शंभर मिलिलिटरला एक मिलिलिटर पुष्कळ, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. दाबून काढलेलं लिंबाच्या सालीचं तेल लावून तर उन्हात जाऊच नये, कातडी भाजते.

भाचीला बाळ झालं, तेव्हा तिनं हेच तेल मागितलं. मी दिलं नाही. वाईट वाटलं तिला. बाळाच्या कातडीला सुगंधाचं काही काम नाही. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अकाली जन्मलेल्या बाळांना बिनवासाचं सूर्यफूल तेल चोळलं, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचा अहवाल २००५ मध्ये आला. म्हणून घरोघरी तेच चोळा, असंही नाही. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बाळांत वेगळं चित्र दिसलं : ऑलिव्ह असो वा सूर्यफूल, तेलानं ओलावा वाढला, पण त्वचेतल्या स्निग्ध थरांची घडी तेल न लावलेल्या बाळांइतकी नीट बसली नाही. "डॉक्टरांना विचार," एवढंच मी भाचीला सांगितलं.

आईचं तेल आता तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये, तारखेची चिठ्ठी लावून असतं. एकदम शंभर मिलिलिटरच करते. आंघोळीनंतर पाय ओलसर असतानाच चार थेंब चोळले की खपल्या बसतात. आई बाटली आधी नाकाला लावते, मगच पाय पुढे करते. मागच्या आठवड्यात तिनं पाय मागे घेतले. मी चिठ्ठी पाहिली, तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.